आवर्तनं मोजून पेरणी
(सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरची व्हर्जन निवडण्याविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

आमच्या भागात कालव्याला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, आणि तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यांखालच्या गावांचं वर्षाचं गणित या एका शब्दावर चालत आलं आहे. पाऊस उघडला की सोसायटीत, पारावर, चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न "धरणात पाणी किती?" हा नसतो, "यंदा आवर्तनं किती?" हा असतो. धरणातल्या पाण्यावर कुणाचंच पीक निघत नाही. ते पाटाने वावरापर्यंत किती वेळा येणार आणि शेवटचं कधी येणार, यावर गहू टाकायचा की हरभऱ्यावर भागवायचं हे ठरतं. मग सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटकऱ्याशी बोलून ठेवायचं, आणि वाट बघायची. रब्बीची दोन आणि उन्हाळ्याचं एकच मिळणार असेल, तर पाटाच्या भरवशावर नवा ऊस कुणी शहाणा माणूस लावत नाही. लावलाच तर विहिरीवर लावतो, आणि त्या विहिरीला मार्चनंतर किती पाणी राहतं ते आधी बघतो.

सर्व्हरवर कोणतं सॉफ्टवेअर आणि त्याचं कोणतं व्हर्जन बसवायचं, या विषयावरच्या पुस्तिकेची सुरुवात पाटपाण्याने झालेली पाहून कुणी बिचकेल. पण बेलापुरात बसून इतकी वर्षं शाळा, वाचनालयं, पतसंस्था, दूध संकलन केंद्रं यांची यंत्रं सांभाळताना मला या धंद्याची याहून नेमकी उपमा सापडलेली नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघते तिलाही आपण "सुटली" असंच म्हणतो. ती सुटल्यावर काही वर्षं तिच्या चुका दुरुस्त होत राहतात, भोकं बुजवली जातात. मग एका ठरल्या दिवशी पाट कोरडा पडतो. त्या दिवशी तुमचं यंत्र बंद पडत नाही. घात इथेच आहे. पीक पाणी तुटल्यावर आठ दिवसांत माना टाकतं आणि कळतं. सर्व्हर मात्र पाणी तुटल्यावरही वर्षानुवर्षं हिरवागार दिसतो, आणि एक दिवस सकाळी कुणीतरी आतून पोखरून गेलेलं असतं.

मला येणारे फोन दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, "चालतंय ना? मग हात नका लावू." दुसरा म्हणतो, "लेटेस्ट टाकून द्या एकदाचं." पहिल्याच्या तिजोरीत दहा वर्षांपूर्वीचं कुलूप असतं आणि त्याची किल्ली बाजारात मिळते. दुसऱ्याने गेल्या आठवड्यात निघालेलं कुलूप आणलेलं असतं आणि ते त्याच्या दाराला बसत नाही. दोघंही विचारतात की नवं चांगलं की जुनं. हा प्रश्न बैलबाजारातसुद्धा कुणी असा विचारत नाही; तिथे दात बघतात आणि जोडीचा दुसरा बैल बघतात.

जोडीचं सांगायला हवं, कारण सर्व्हर ही एक वस्तू नसते. सगळ्यात खाली ऑपरेटिंग सिस्टिम, बहुधा लिनक्सचा एखादा अवतार: डेबियन, उबुंटू, रेड हॅट किंवा त्याची भावंडं. तिच्यावर अपाचे किंवा एनजिनएक्स, म्हणजे दारात उभं राहून पानं वाढणारा. शेजारी डेटाबेस, मायएसक्यूएल नाहीतर मारियाडीबी, म्हणजे कोठार. मध्ये पीएचपीसारखी भाषा, जी कोठारातून काढून शिजवते. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर तुम्हाला खरं हवं असलेलं सॉफ्टवेअर: ग्रंथालयाचं, शाळेचं, संस्थेच्या सभासदांचं. हे चार-पाच भावांचं खटलं आहे, पण प्रत्येकाची चूल वेगळी. पीएचपीचं नवं व्हर्जन साधारण दर नोव्हेंबरात सुटतं. उबुंटूचं दीर्घ मुदतीचं व्हर्जन सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येतं आणि त्याला पाच वर्षं पाणी मिळतं. डेबियन दोनेक वर्षांनी एकदा. कोहा हे २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात सुरू झालेलं आणि आज जगभर पोहोचलेलं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मे आणि नोव्हेंबर असं वर्षातून दोनदा नवं होतं. या सगळ्यांची आवर्तनं एकमेकांना विचारून ठरत नाहीत. ज्या काळात ती सगळी एकदम चालू असतात, तेवढाच आपला हंगाम.

म्हणून निवड वरून खाली करायची आणि तारखा खालून वर तपासायच्या, एवढंच या पुस्तिकेचं सूत्र आहे. आधी वरचं सॉफ्टवेअर काय मागतं ते वाचायचं. शाळांना लागणाऱ्या मूडलचं ४.५ हे व्हर्जन घ्या. त्याला पीएचपी ८.१ पेक्षा जुनं चालत नाही आणि ८.३ च्या पुढचंही चालत नाही. ही वरची मर्यादा लोक हमखास विसरतात आणि "लेटेस्ट" टाकून बसतात. मग ८.१ ते ८.३ यांपैकी कोणतं? पीएचपीवाल्यांनी २०२४ मध्ये आपला नियम बदलला; आता दोन वर्षं पूर्ण देखभाल आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेची डागडुजी, ती ३१ डिसेंबरला संपते. त्या हिशेबाने ८.१ चं पाणी २०२५ अखेर तुटतं, ८.२ चं २०२६ अखेर, ८.३ चं २०२७ अखेर. उत्तर समोर आलं. ८.३ हे उबुंटू २४.०४ मध्ये आयतं येतं आणि त्या उबुंटूची पाच वर्षं २०२९ पर्यंतची. झाली जोडी. हे मी चार वाक्यांत सांगितलं, पण असाच एक तक्ता प्रत्येक यंत्राला करायचा म्हणजे एक दुपार जाते. ती घालवावी.

आता विहिरीचं. उबुंटू, डेबियन, रेड हॅट ही मंडळी आपल्या पोटात जे पीएचपी किंवा डेटाबेस देतात, त्याची डागडुजी ती स्वतः करतात, मूळ कर्त्यांचा पाट आटला तरी. रेड हॅटच्या सातव्या व्हर्जनमध्ये पीएचपी ५.४ होतं. मूळ कर्त्यांनी ते २०१५ मध्येच सोडून दिलं; रेड हॅटने त्याची गंभीर भोकं स्वतःच्या जिवावर २०२४ पर्यंत बुजवली. व्हर्जनचा आकडा तसाच जुना दिसतो, आतलं मात्र दुरुस्त झालेलं असतं. एखाद्या तपासनिसाचं यंत्र नुसता आकडा वाचून तुम्हाला लाल शेरा मारतं तेव्हा हे माहीत असलेलं बरं. उलट कुठून तरी शोधून आणलेलं, आपल्या हाताने बसवलेलं पीएचपी म्हणजे विहीर नसलेला ऊस. त्याला पाणी घालायला तुम्हालाच जावं लागतं, दर महिन्याला, बारशाला जायचं असलं तरी.

आणि विहीरवालासुद्धा शब्द फिरवू शकतो. सेंटओएस ही रेड हॅटची फुकट मिळणारी हुबेहूब प्रत आपल्याकडच्या होस्टिंगवाल्यांची लाडकी होती. तिचं आठवं व्हर्जन २०१९ च्या सप्टेंबरात आलं आणि २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलं गेलं. त्या भरवशावर मीही काही यंत्रं त्यावर नेली. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की आठव्या व्हर्जनचा शेवट ३१ डिसेंबर २०२१ लाच होणार. गंमत अशी की जुन्या सातव्याची तारीख मात्र तीच राहिली, ३० जून २०२४. ज्यांनी आळसाने काहीच केलं नव्हतं ते अडीच वर्षं अधिक सुखात राहिले आणि आम्ही उद्योगी लोक उन्हात धावलो. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही दोन नवी घरं त्याच धावपळीत उभी राहिली. त्यानंतर मी तारखेबरोबर ती देणारा कोण, त्याच्या पोटापाण्याचा धंदा काय, हेही तक्त्यात लिहू लागलो.

इथपर्यंतचा मजकूर जगातल्या कुठल्याही भाषेतल्या पुस्तकात सापडेल. ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचं कारण पुढे आहे. व्हर्जन बदललं की मराठी अक्षरांचं काय होतं हे त्या पुस्तकांत नसतं, कारण ती लिहिणाऱ्यांची अक्षरं कधी हललेलीच नसतात.

एका वाचनालयाची यादी मी जुन्या यंत्रावरून नव्यावर नेली. रात्री सगळं तपासलं होतं, निदान तसं मला वाटलं होतं. सकाळी फोन. पुस्तकांच्या नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ मारलेला इंग्रजी "ए", त्याला चिकटून एक चलनासारखं काटेरी चिन्ह, पुन्हा तोच "ए", मध्येच जपानी येन. पानभर. ग्रंथपाल बाईंना वाटलं व्हायरस आला. व्हायरस नव्हता. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच, दुसरा दोहोंपैकी एक. तो पहिला बाइट जुन्या युरोपी पद्धतीने वाचला की तिरक्या रेघेचा "ए" दिसतो, आणि दुसरा वाचला की चलनाचं चिन्ह नाहीतर येन. जुन्या मायएसक्यूएलची मुळातली सवय लॅटिन-१ ही युरोपी लिपी धरून चालण्याची होती. कोठारावर पाटी लॅटिनची, आत पोती मराठीची. घालणारा आणि काढणारा दोघेही पाटी न वाचता पोती हलवत होते, म्हणून सगळं सुरळीत दिसत होतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून नांदत होत्या. मायएसक्यूएल ८.० ने ही सवय बदलली. त्याने प्रामाणिकपणे पाटी वाचली, आत लॅटिन आहे असं समजून त्याचं यूटीएफ करून दिलं, आणि संसार उघड्यावर आला. चूक नव्या व्हर्जनची नव्हती. चूक माझी होती. मी रात्री जी दहा नावं तपासली ती सगळी इंग्रजी पुस्तकांची होती.

त्याच डेटाबेसमध्ये दुसरी एक खोड आहे आणि तिची कथा बेलापूरकरांना लगेच कळेल. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनाचं नाव बेलापूर आहे. दौंड-मनमाड लाइन १८७८ मध्ये झाली, स्टेशनला जवळच्या मोठ्या गावाचं म्हणजे आमचं नाव मिळालं, पुढे स्टेशनभोवती वस्ती वाढली, तिचं श्रीरामपूर झालं, पण फलक आणि कोड तेच राहिले. कोड बी-ए-पी, म्हणून पोरं त्याला "बाप" म्हणतात. हरेगावच्या साखर कारखान्याचंही तेच. कारखाना हरेगावात, कंपनी बेलापूर. बाहेरचा माणूस बेलापूर स्टेशनवर उतरतो आणि गाव शोधत बसतो. (नव्या मुंबईतल्या बेलापूरला पोहोचलेल्या पाहुण्यांची कथा निराळी.) मायएसक्यूएलमध्ये "यूटीएफ८" असं नाव दिलेली जी लिपीव्यवस्था आहे, ती अशीच बेलापूर स्टेशन आहे. नाव यूटीएफ-८, पण खऱ्या यूटीएफ-८ मध्ये चार बाइटांपर्यंतची अक्षरं असतात आणि ही तीनवरच थांबते. खरं गाव पुढे आहे, त्याचं नाव "यूटीएफ८एमबी४", आणि ते २०१० मध्ये ५.५ व्हर्जनच्या सुमारास आलं. जुनं नाव बदलता आलं नाही, कारण सगळी वेळापत्रकं त्यावर छापलेली होती.

मराठीला याचा त्रास वर्षानुवर्षं जाणवला नाही, कारण आपली देवनागरी तीन बाइटांत मावते. मग मोबाइलवरची हसरी तोंडं आली, ती चार बाइटांची. कुणी निरोपाच्या मधोमध एक तोंड टाकलं की जुना डेटाबेस तिथून पुढचा सगळा मजकूर गिळायचा आणि तक्रारही करायचा नाही. त्याला लोक हसून सोडून द्यायचे. पण मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली ७.० या आवृत्तीत आली, आणि तिला जी जागा मिळाली ती चार बाइटांच्या मुलखात. म्हणजे ज्या संस्थेला आपल्याकडची मोडी दफ्तरं लिप्यंतर करून मूळ मोडी अक्षरांसह साठवायची आहेत, तिने जुन्या "यूटीएफ८"वर काम केलं तर मोडीचं पहिलं अक्षरही आत जाणार नाही. तिथे व्हर्जनची निवड ही सोयीची गोष्ट राहत नाही. आणि बदलायला गेलात तर आणखी एक खाच: पूर्वी २५५ अक्षरांच्या रकान्याला तीन बाइटांप्रमाणे ७६५ लागायचे आणि जुन्या इंडेक्सची मर्यादा ७६७ होती, म्हणजे अगदी दाराला घासून आत. चार बाइटांनी तेच १०२० होतात आणि दारात अडकतात. मायएसक्यूएल ५.७ ने हे दार मोठं केलं. त्याआधीच्या व्हर्जनवर लोकांनी रकाना १९१ अक्षरांवर आणून सुटका करून घेतली. तो विचित्र आकडा कुठे दिसला तर तो कुठून आला हे आता कळेल.

अक्षरं मोजण्याचंही तसंच. "बेलापूर" या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल चार. पीएचपीची जुनी, साधी मोजणी सांगते २१, कारण ती बाइट मोजते. जरा शहाणी मोजणी सांगते ७, कारण ती काना, मात्रा, उकार वेगळे धरते. चार सांगायला तिसरंच अवजार लागतं आणि ते आयसीयू नावाच्या वेगळ्या कोड-संग्रहावर उभं आहे, ज्याची व्हर्जन पुन्हा निराळी. पहिल्या मोजणीने शीर्षक कापलं की शेवटच्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं; ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पीएचपीचं सहावं व्हर्जन हे दुखणं मुळातून काढायला निघालं होतं, भाषेच्या पोटातच युनिकोड घालून. काम इतकं जड झालं की २०१० मध्ये ते सोडून दिलं. सहा आकडा असा रिकामाच राहिला आणि पाचनंतर एकदम सात आलं. "सहावं कुठे मिळेल?" असं मला एकाने गंभीरपणे विचारलं होतं. कुठेच नाही.

चार उत्तर देणाऱ्या नियमाचंही उत्तर कायमचं नाही. "श्रीरामपूर" घ्या. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या युनिकोड १५.१ च्या आधीचा नियम जोडाक्षर फोडायचा: श्, री, रा, म, पू, र असे सहा. १५.१ ने देवनागरीतली जोडाक्षरं एकत्र धरायला सांगितली, आणि श्री, रा, म, पू, र असे पाच झाले. शब्द तोच, सॉफ्टवेअरची एक ओळ बदललेली नाही, फक्त खालचा कोड-संग्रह नवा झाला आणि गावाचं एक अक्षर कमी झालं.

आणि "ॲ"? ज्या अक्षराशिवाय आज "ॲप" लिहिता येत नाही ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. मायएसक्यूएलच्या जुन्या "युनिकोड" नावाच्या क्रमवारीला ४.० पर्यंतचीच अक्षरं माहीत होती, म्हणून "ॲ"ने सुरू होणारी नावं यादीत अनोळखी पाहुण्यासारखी सगळ्यांच्या मागे बसायची. ८.० ची क्रमवारी ९.० आवृत्तीवर आधारलेली आहे, तिला हा पाहुणा ओळखता येतो. पण जुन्या मजकुरात लोकांनी हेच अक्षर "अ"ला चंद्र जोडून लिहिलेलं असतं. डोळ्याला सारखं, यंत्राला वेगळं. सातबाऱ्यावरच्या "ऱ्या"चंही तेच, ते दोन रीतींनी लिहिता येतं. हे कुठलंही नवं व्हर्जन आपणहून दुरुस्त करत नाही. त्यासाठी बसून मजकूर एकसारखा करावा लागतो, आणि तो स्थलांतराच्या आधी करायचा की नंतर, यावर पुस्तिकेत अख्खं प्रकरण आहे.

क्रमवारीचा घोळ सगळ्यात खोल. शाळेतल्या तक्त्यात आपण "ह"नंतर "ळ", मग क्ष, ज्ञ म्हणतो. जागतिक क्रमवारी "ळ"ला "ल"च्या शेजारी बसवते. म्हणून यादीत "काळ" आधी येतो आणि "कावळा" मागून. प्रवरेच्याच काठी, खाली नेवाशाला सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी शेवटी शोधावी तर ती "ज"च्या घरात सापडते. काही कोशकारांनाही ते मान्य असेल. वाचनालयात येणाऱ्या आजोबांना नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दहाव्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयूची मराठी क्रमवारी वापरता येते. मायएसक्यूएलमध्ये मराठीपुरती वेगळी क्रमवारी नाही. यादी हीच ज्या संस्थेची मिळकत आहे तिने डेटाबेस निवडताना एवढ्या एका गोष्टीसाठी थांबावं, असं माझं मत आहे. बाकीचे तज्ज्ञ यावर हसतात.

शिवाय मायएसक्यूएल ८.० ची नवी मूळ क्रमवारी, जिच्या नावाच्या शेवटी "एआय सीआय" असं असतं, ती स्वरावरची चिन्हं सोडून देते, आणि तिच्या लेखी आपला अनुस्वार हे तसलंच एक चिन्ह आहे. तिला "घर" विचारलं तर "घरं"ही सापडतात, इथवर उपकारच. पण "मंद" आणि "मद" तिला एकच, "वंश" आणि "वश" एकच. जुन्या व्हर्जनच्या साध्या क्रमवारीत हे वेगळे होते. तेव्हा ज्या रकान्यात पुनरुक्ती चालत नाही असा नियम आहे, तिथे काल सुखाने शेजारी राहणारी दोन नावं नव्या व्हर्जनवर भांडायला उठतात आणि स्थलांतर मध्येच अडतं. उपाय आहे: "एएस" असं नाव असलेली क्रमवारी घ्यावी, ती अनुस्वार मानते. पण तो उपाय आहे हे आधी माहीत असावं लागतं, रात्री दोन वाजता नव्हे. आणि या नव्या क्रमवारीचा साठा मारियाडीबीच्या जुन्या व्हर्जनवर नेला तर ती म्हणते, हे नाव मी ऐकलेलंच नाही. मायएसक्यूएल ओरॅकलच्या हाती जाणार असं दिसल्यावर मूळ कर्त्याने धाकट्या मुलीच्या नावाने मारिया वेगळी केली. थोरलीचं नाव माय. बहिणी दिसतात सारख्या, पण आता एकीचे कपडे दुसरीला होत नाहीत.

पोस्टग्रेसवाल्यांनी फार हसू नये. त्यांची क्रमवारी बरेचदा खालच्या लिनक्सकडून उसनी घेतलेली असते, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या पोटातल्या जीलिबसी नावाच्या संग्रहाने २.२८ व्हर्जनमध्ये क्रम लावायची रीतच बदलली. ज्यांनी डेटाबेसला हात न लावता फक्त ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली, त्यांचे इंडेक्स जुन्या क्रमाचे आणि शोधणारा नव्या क्रमाचा. कपाटातली पुस्तकं जागच्या जागी, पण रजिस्टरचा नंबर भलत्याच कप्प्यावर नेतो. नोंद आहे, आणि सापडत नाही. इंडेक्स पुन्हा बांधणं हा त्याचा इलाज. इंग्रजी याद्यांनाही हा फटका बसला, म्हणून निदान त्याची चर्चा तरी झाली.

नवं ते सुरक्षित, या समजुतीबद्दल थोडं. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक उघडकीला आलं. ते संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलच्या १.०.१ मध्ये होतं. त्याहून जुनी ०.९.८ आणि १.०.० व्हर्जन चालवणारे आळशी लोक सुटले. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फायली दाबण्याच्या साध्या अवजारात, ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जनांत, कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून घातलेलं चोरदार सापडलं. सापडलं कसं? पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. डेबियनचं स्थिर व्हर्जन चालवणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलंच नव्हतं. म्हणून मी सुटलेलं पाणी पहिल्या दिवशी वावरात घेत नाही. पहिल्या पाण्यात पाटातला सगळा केरकचरा वाहत येतो. सुरक्षेची दुरुस्ती मात्र त्याच दिवशी. या दोन गोष्टींत गल्लत करणारे पुष्कळ आहेत आणि पुस्तिकेचं दुसरं प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

बदल कधी करायचा हे आमच्या तालुक्यात वेगळं शिकवायला नको. कारखान्याचं गाळप चालू असताना बॉयलरला कुणी हात घालत नाही. पट्टा पडला की उन्हाळ्यात सगळं खोलायचं, घासायचं, बदलायचं. मग बॉयलर अग्निप्रदीपन, मग चाचणी, मग मोळी. पतसंस्थेला मार्चएंडला, शाळेला जूनला, वाचनालयाला वर्गणीच्या दिवसांत हात लावू नये. जुनं यंत्र महिनाभर तरी मोडू नये. बॅकअप घेतला म्हणून सांगणाऱ्याला विचारावं, तो परत चढवून पाहिला का. आणि चाचणीसाठी दहा नावं निवडाल तर त्यात "ज्ञ", "ळ", "ॲ", "ऱ्या", एक अनुस्वाराची जोडी आणि एखादं मोडी अक्षर असू द्या. माझी यादी परिशिष्टात दिली आहे. ती वाचनालयातल्या त्या सकाळनंतर तयार झाली.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या ढगांबद्दल इथे फारसं नाही. तिथे व्हर्जन बहुधा दुसराच कुणी निवडतो. विंडोज सर्व्हरवर दोनच पानं आहेत. भारनियमनाच्या काळातली एक आठवण मात्र मुद्दाम ठेवली आहे. वीज गेली की जुन्या मायएसक्यूएलचे तक्ते मोडायचे आणि सकाळी ते सांधत बसावं लागायचं. ५.५ व्हर्जनपासून इनोडीबी ही साठवणीची रीत मुळातच लावलेली आली, आणि वीज गेल्यावरही कोठार आपल्या पायावर उभं राहू लागलं. आमच्यासारख्या गावांनी त्या एका कारणासाठी ते व्हर्जन घ्यायला हवं होतं, आणि आम्ही ते तीन-चार वर्षं उशिरा घेतलं, कारण चालत होतं ना.

शेवटच्या पानावर कोरा तक्ता छापला आहे: सॉफ्टवेअर, व्हर्जन, कुणी दिलं, पाणी कधीपर्यंत. मायएसक्यूएल ८.० समोर एप्रिल २०२६ आणि ८.४ समोर एप्रिल २०३२ एवढं नमुन्यादाखल भरून दिलं आहे. बाकीचं तुम्ही भरा, कापून यंत्राच्या कपाटाला आतून चिकटवा, आणि पेन्सिलीने भरा. माझ्या कपाटात वेबसाइट चालवणाऱ्या ड्रुपल ७ समोर आधी नोव्हेंबर २०२१ होतं, मग नोव्हेंबर २०२२, मग नोव्हेंबर २०२३. तीनदा खोडून शेवटी ५ जानेवारी २०२५ लिहिलं, तेव्हा त्या जागी कागदाला भोक पडलं होतं.

बेलापूर बुद्रुक